व्हिक्टोरियन दगडी घराची डागडुजी: या चुका टाळा

स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा किंवा ग्लासगोला, घर शोधताना दीडशे वर्षांपूर्वीच्या दगडी घरावर मन जडतं, यात नवल नाही. उंच छत, रस्त्याकडे झुकलेली बे विंडो, छताच्या कडेने फिरलेली प्लास्टरची वेलबुट्टी. पण पहिल्याच हिवाळ्यात कोपऱ्यात ओल दिसते, खिडकीतून गार वारा आत येतो, आणि घरमालक घाईघाईने कामाला लागतो. माझं स्पष्ट मत आहे की, या घरांचं जेवढं नुकसान हलगर्जीपणाने होतं, त्याहून जास्त चांगल्या हेतूने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीने होतं.

‘सी’ श्रेणी म्हणजे किरकोळ नव्हे

स्कॉटलंडमध्ये वारसा इमारतींची यादी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड ही संस्था ठेवते. श्रेणी तीन: ए, बी आणि सी. मुंबईतल्या १९९५ च्या वारसा नियमावलीपासून ‘ग्रेड थ्री म्हणजे फारसं काही आडवं येत नाही’ असं ऐकत आलेली मंडळी इथेही तोच हिशेब लावतात. तो चालत नाही. घर यादीत असलं की श्रेणी कुठलीही असो, त्याचं स्वरूप बदलणाऱ्या कामाला कौन्सिलची परवानगी, म्हणजे लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, लागते.

दुसरा गैरसमज म्हणजे संरक्षण फक्त दर्शनी भिंतीला असतं. जिना, कठडा, फायरप्लेस, खिडकीची लाकडी झडप, कॉर्निस म्हणजे छताच्या कडेची प्लास्टरची नक्षी, हे सगळं त्यात येतं. यादीतल्या वर्णनात फायरप्लेसचा उल्लेख नसला, तरी ती काढायची मोकळीक मिळत नाही. ते वर्णन इमारत ओळखता यावी एवढ्यापुरतं असतं.

परवानगीशिवाय केलेलं काम हा फौजदारी गुन्हा आहे. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की, आधीच्या मालकाने भिंत पाडली असेल किंवा प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाच्या हातात पडू शकते, आणि त्याला कालमर्यादा नाही. स्कॉटलंडमध्ये घर विकताना खरेदीदाराला दाखवायचा अहवाल, म्हणजे होम रिपोर्ट, असतो; त्यात विक्रेत्याने भरलेली प्रश्नावली असते. घर यादीत आहे का, काय बदल केले, हे त्यात विचारलेलं असतं. ती नुसती चाळू नका. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एक केलेली दिसली, तर वकिलामार्फत परवानगीचा कागद मागा. कागद मिळत नसेल, तर सौदा होण्याआधीच तो प्रश्न विक्रेत्याच्या गळ्यात घाला.

सिमेंटने दरजा भरणे

दरजा म्हणजे दोन दगडांमधले सांधे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या घरांची बाहेरची भिंत साधारण दोन फूट, म्हणजे ६०० मिलिमीटर जाड असते. दर्शनी बाजूला घडीव वालुकाश्म, मागे ओबडधोबड दगड, मध्ये चुन्याचा भराव. आतल्या बाजूला लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा असतो, आणि त्याच्यामागे हवेसाठी थोडी पोकळी. पाऊस भिंतीत थोडा मुरतो आणि चुन्याच्या दरजांमधून वाळून बाहेर पडतो. भिंतीचं सगळं गणित या वाळण्यावर उभं आहे.

दरजेत पोर्टलँड, म्हणजे नेहमीचं, सिमेंट भरलं की ही वाट बंद होते. सिमेंट वालुकाश्मापेक्षा टणक आणि घट्ट. मग पाणी दगडातूनच बाहेर येतं, येताना क्षार आणतं, आणि ते क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन त्याचे पापुद्रे काढतात. उरलेलं काम गोठणारं पाणी करतं. जुन्या टेरेसच्या, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेच्या, मागच्या भिंतीजवळ जाऊन बघा: सिमेंटची दरज बोटभर पुढे आलेली आणि प्रत्येक चिरा मधोमध बशीसारखा खोल गेलेला. बोट फिरवलं तर वाळू हातात येते. दगड खराब होता म्हणून सिमेंट भरलं, असं घरमालक सांगतो. खरं तर बऱ्याचदा उलटं घडलेलं असतं. चुन्याची घाणी फिरवून बांधलेल्या वाड्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की काय होतं, हे पुण्या-वाईकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

उपाय चुना हाच, पण त्यातही घोळ होतात. दर्शनी भिंतीच्या बारीक दरजांमध्ये ग्राइंडर घातला, तर दरज रुंद होते आणि दगडाची धार कायमची जाते. हे काम हातातल्या छिन्नीनेच करायचं. सिमेंट इतकं घट्ट धरलं असेल की काढताना दगडच तुटतोय, तर तूर्त तिथे हात लावू नये. चुन्याचं काम कडाक्याच्या थंडीत करत नाहीत. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल, तर वसंत ऋतूपर्यंत थांबा. ताज्या कामावर ओलं गोणपाट टांगलेलं नसेल, तर गवंड्याला का ते विचारा. आणि ‘सिमेंटमध्ये थोडा चुना घालतो, चालून जातं’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

ओल दिसली की रसायनवाल्याला बोलावणे

ओल कुठे आहे, ते आधी बघा. छताजवळच्या कोपऱ्यात असेल, तर पन्हळ किंवा शिशाच्या पत्र्याचा सांधा तपासा. जमिनीलगत असेल, तर बाहेरची माती किंवा फरशी वर्षानुवर्षं चढत जाऊन लाकडी जमिनीखालची हवेची जाळी बुजली आहे का ते पाहा. कपाटामागे काळी बुरशी असेल, तर बहुतेक वेळा ती घरातल्याच वाफेची असते.

ओतीव लोखंडाचा पाइप हा खास संशयित. तो भिंतीला इतका चिकटून असतो की त्याची मागची बाजू कधी रंगवलीच जात नाही. ती आतून-बाहेरून गंजते, मागे चीर पडते आणि पाणी सरळ भिंतीवर ओघळतं. समोरून पाइप नवाकोरा दिसतो. मुसळधार पावसात छत्री घेऊन बाहेर जा, पाइपमागे टॉर्च मारा. दगडावर हिरवट शेवाळाची उभी रेघ दिसली, की निदान झालं.

भिंतीत दोन खिळे टोचून आकडा दाखवणारं यंत्र लाकडासाठी बनवलेलं असतं. क्षार धरलेल्या गिलाव्यावर ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवू शकतं. त्या आकड्यावर विसंबून भिंतीला भोकं पाडून रसायन भरून घेऊ नका. लाकूड कुजवणाऱ्या ड्राय रॉट या बुरशीचंही तेच: लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ती जम धरत नाही. पाणी थांबवलं नाही, तर लाकूड बदलून उपयोग शून्य.

खिडक्या

वर-खाली सरकणारी खिडकी अडकली, तर बहुतेकदा ती रंगाने चिकटलेली असते किंवा आतल्या वजनाची दोरी तुटलेली असते. दोन्ही गोष्टी सुताराच्या हातच्या आहेत. वारा अडवणाऱ्या पट्ट्या बसवा, रंगाखाली बंद झालेल्या लाकडी झडपा मोकळ्या करा, रात्री त्या लावा. थंडीत चांगलाच फरक पडतो. ‘जुनं दिसावं’ म्हणून लहान लहान तावदानांची खिडकी बसवणं ही हौसेची चूक. १८४५ मध्ये काचेवरचा आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरचा कर गेला, आणि त्यानंतरच्या घरांत मोठ्या काचा आल्या. १८८० च्या घराला सहा-सहा तावदानं लावली, की ते भलत्याच काळातलं दिसतं.

दगड धुणे, दगड बदलणे

काळा पडलेला दगड धुऊन काढायची खुमखुमी आवरा. ग्लासगो आणि एडिंबरामध्ये १९६० ते ८० च्या दशकांत वाळूचा मारा आणि आम्ल वापरून भिंती लख्ख केल्या. कित्येक ठिकाणी कोरीवकामाच्या कडा त्यातच गेल्या.

दगड बदलायचाच असेल, तर नुसता रंग जुळवून भागत नाही. कण आणि सच्छिद्रताही जुळावी लागते. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे नमुना तपासून जुळणारा दगड सुचवतो. ग्लासगोचा तांबडा दगड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेने नैऋत्य स्कॉटलंडमधल्या डमफ्रीजशर आणि एअरशरहून येऊ लागला. तिथली, डमफ्रीजशरमधल्या लोखारब्रिग्जची खाण अजून चालू आहे. फिकट पिवळ्या दगडाच्या स्थानिक खाणी मात्र बंद पडल्या, म्हणून त्याचा जोड बऱ्याचदा उत्तर इंग्लंडमधून आणतात. चिरा बसवताना त्याचे थर आडवे आहेत ना, हे जातीने उभं राहून बघा. थर दर्शनी बाजूला समांतर ठेवून उभे लावले, तर दगड पानं सुटावीत तसा सुटत जातो.

वरच्या मजल्याला एकटं पाडणे

अशी बरीच घरं आता फ्लॅटमध्ये विभागलेली आहेत. तळमजल्यावरचा म्हणतो, गळतंय तुमच्याकडे, बघा तुम्ही. स्कॉटलंडच्या २००४ च्या टेनेमेंट, म्हणजे फ्लॅटमध्ये विभागलेल्या इमारतींच्या, कायद्यानुसार, मालकीच्या कागदांत वेगळं काही लिहिलं नसेल, तर छताच्या देखभालीचा खर्च सगळ्यांचा असतो आणि निर्णय बहुमताने होतो. कागद आधी वाचा, मग शेजाऱ्यांना लेखी कळवा, अंदाजपत्रकं जोडा. आणि पैसे वाचवायला लोखंडी पन्हळीच्या जागी प्लास्टिकची बसवायचं ठरलंच, तर यादीतल्या घरासाठी त्यालाही आधी परवानगी लागते.