फर्मागुढीचा चढ आणि बधिर मनगटं

गोव्यात म्हार्दोळहून फोंड्याला इलेक्ट्रिक सायकलने जातो. फर्मागुढीचा चढ मोटरच्या जोरावर निघतो, त्रास होता तो बधिर होणाऱ्या मनगटांचा. दुकानदार म्हणाला, जेलचं सीट घ्या. नाही घेतलं, उगाच खर्च!

आधी सीटची उंची बघितली. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली की गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर तो किंचित वाकतो. ती बरोबर होती. सीटचं नाक मात्र खाली झुकलेलं, त्यामुळे अंग पुढे घसरायचं आणि भार हातांवर. ॲलन कीने (षटकोनी पान्याने) बोल्ट सैल करून सीट सपाट केलं, हँडल जरा वर घेतलं, पण त्याच्या दांड्यावरच्या कमाल उंचीच्या खुणेपलीकडे नाही. मनगटं सुटली.

टायरमध्ये हवा कडेवर छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमीच ठेवतो. पावसात डिस्प्लेवर पिशवी हवीच.