ग्रामीण रुग्णालयात आश्रयाला आलेल्या पूरग्रस्तांना मदत करताना या चुका टाळा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली आणि पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा राज्यभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. पण त्यातली बरीच मदत नको तिथे, नको त्या वेळी आणि नको त्या स्वरूपात पोहोचली. शाळा आणि मंगल कार्यालये भरल्यावर कुटुंबे ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात पथाऱ्या टाकतात, तेव्हा तर अशा चुका अधिकच महागात पडतात.

पहिली चूक म्हणजे रुग्णालयाला गोदाम समजणे. ग्रामीण रुग्णालय साधारणपणे 30 खाटांचे असते आणि तिथली पाण्याची टाकी, शौचालये व जनरेटर त्याच हिशेबाने बसवलेले असतात. मुख्य फाटकातच टेम्पो उभा करून वाटप सुरू केले, की बाळंतिणीला घेऊन आलेली 108 ची रुग्णवाहिका बाहेर अडकते. सामान ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या शाळेत उतरवावे आणि वैद्यकीय अधीक्षक व तलाठी यांच्याकडून कुटुंबांची यादी घेऊन लागेल तेवढेच आत न्यावे. स्वयंपाकाच्या शेगड्या आणि सिलिंडर ऑक्सिजनच्या साठ्यापासून दूरच मांडावेत.

जुन्या कपड्यांचा प्रश्न तर दर पुरात उभा राहतो. गाठोडी सोडली की आत उसवलेल्या साड्या, एकाच पायाची चप्पल आणि लग्नातला कोट सापडतो. पावसात भिजलेला तो ढीग दोन दिवसांत कुबट होतो आणि शेवटी त्याची विल्हेवाट लावण्याचे काम सफाई कामगारांच्या गळ्यात पडते. खरी गरज असते ती नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, ते टाकण्यासाठी झाकणाचे डबे, सतरंज्या आणि मच्छरदाण्या यांची, आणि नेमके हेच सामान कमी येते.

पाण्याचा अंदाजही हमखास चुकतो. आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांनुसार माणशी रोज किमान 15 लिटर पाणी लागते, म्हणजे 100 माणसांसाठी 1,500 लिटर, आणि ते रुग्णांच्या गरजेव्यतिरिक्त. बाटल्यांचे खोके आणण्यापेक्षा टँकर आणि वेगळी टाकी यांची सोय करावी. पाणी गढूळ असेल तर आधी ते निवळू द्यावे, मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकावी आणि अर्ध्या तासाने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची तपासणी, घ्यावी. पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन कमी पडले असे समजावे. पहाटे शिजवून दूरच्या शहरातून पाठवलेली खिचडी दुपारी आंबलेली निघते, त्यामुळे शिधा देऊन गावातल्या बचत गटाकडून ताजा स्वयंपाक करून घेणे केव्हाही बरे.

तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरीचे डबे आणि बाटल्या सरसकट वाटू नयेत. अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या दुधाने जुलाब होतात, शिवाय बाळांच्या पर्यायी दुधाविषयीच्या 1992 च्या कायद्यानेही असे दान करण्यास मनाई आहे, अपवाद फक्त अनाथालयांचा. स्तनपान करणाऱ्या आईला पुरेसे अन्न आणि आडोसा द्यावा. बाळाला वरचे दूध देण्याची वेळ आली, तर तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

ओपीडी वीस पावलांवर असताना स्वयंसेवकांनी टेबल मांडून तापाच्या गोळ्या वाटाव्यात, हे अजब म्हणावे लागेल. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्या माणसाला ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची, शंका घ्यावी लागते आणि त्याला लगेच तपासणीला न्यावे लागते. मधुमेह, रक्तदाब आणि क्षयरोग यांच्या रुग्णांची औषधे घरातच राहिलेली असतात. आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन त्यांची नावे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावीत.

घरातला एखादा माणूस दिसत नसेल, तर तो गुरांजवळ थांबलेला असण्याची शक्यता मोठी असते. त्याच्यापर्यंत चारा पोहोचवणे हाही मदतीचाच भाग आहे.

पाणी ओसरले की टेम्पो थांबतात, आणि पंचनामे नेमके तेव्हा सुरू होतात. त्या दिवशी घरातले एक तरी जाणते माणूस गावात हजर राहील अशी वाहनाची सोय करावी आणि भिजलेले आधार कार्ड, बँकेचे पासबुक व रेशनकार्ड यांच्या प्रती काढून देण्यासाठी दोन स्वयंसेवक राखून ठेवावेत.