मुलाचे क्रेडिट कार्ड थकले तर पैसे कोणी भरायचे?

लातूर-नांदेडकडून पुण्यात शिकायला आलेला मुलगा कोथरूडला खोली घेऊन राहू लागला, की काही महिन्यांतच त्याचा घरी फोन येतो, "बाबा, मित्रांनी क्रेडिट कार्ड घेतलंय, मीही घेऊ का?" होकार वा नकार देण्याआधी पालकांनी एवढे विचारून घ्यावे, की अर्जावर मूळ कार्डधारक म्हणून नाव कोणाचे जाणार आहे, कारण पुढे थकबाकी कोणाच्या दारात येणार, हे त्यावरच ठरते.

कायद्याने १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान होते आणि १८७२च्या करार कायद्याच्या कलम ११नुसार अज्ञान व्यक्तीला करारच करता येत नाही. मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये असा करार मुळापासूनच रद्दबातल ठरवला, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर स्वतंत्र क्रेडिट कार्ड निघत नाही. मात्र अठरावे सरले म्हणजे कार्ड मिळाले, असेही नाही. अनेक बँका २१ वर्षांची अट घालतात, शिवाय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे अर्जदाराची स्वतःची आर्थिक कुवत तपासावी लागते. कमाई नसलेल्या विद्यार्थ्याला मग दोनच वाटा उरतात.

एक म्हणजे घरच्यांच्या कार्डावर ॲड-ऑन (जोड) कार्ड घेणे. हे मिळायला सोपे असते, पण त्यावरच्या प्रत्येक खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. मुलाने फर्ग्युसन रस्त्यावर बूट घेतले आणि बिल राहिले, तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, वडिलांचा घसरतो. हे कार्ड द्यायचेच असेल, तर बँकेकडून त्याची मर्यादा वेगळी ठरवून घ्यावी आणि ऑनलाइन व परदेशी व्यवहार ॲपमधून बंद ठेवावेत.

दुसरी वाट मुदत ठेवीवरच्या कार्डाची, आणि माझे मत हिच्याच बाजूने आहे. सज्ञान मुलाच्या नावावर छोटी ठेव करावी, तिच्या तारणावर मर्यादा मिळते, आणि हप्ता चुकला तर बँक ठेवीतून पैसे वळते करून घेते. नुकसान होते, पण ते ठेवीच्या आसपासच थांबते.

कोणतेही कार्ड असो, 'मिनिमम ड्यू', म्हणजे त्या महिन्यात किमान भरायची रक्कम, हा शब्द मुलाला आकडे मांडून समजावावा. माझ्या भाच्याच्या मोबाइलवर बिल उघडले, तेव्हा ती रक्कम आधीच निवडलेली होती आणि पूर्ण रक्कम खाली बारीक अक्षरात होती. समजा, ४०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. तर महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२ रुपये होतात. त्या महिन्यात २,००० रुपये भरले, तरी मुद्दल जेमतेम ३४८ रुपयांनी उतरते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे तर कोणी सांगतच नाही.

सज्ञान मुलाने स्वतःच्या नावावर कार्ड घेतले असेल आणि आईवडिलांनी हमी दिली नसेल, तर ती थकबाकी त्यांच्याकडून वसूल करता येत नाही. तरीही वसुलीचा फोन घरी आलाच, तर "मी भरतो" असे घाईने म्हणू नये, कारण करार कायद्याच्या कलम १२६नुसार हमी तोंडीही असू शकते. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि नातेवाइकांना धमकावणेही चालत नाही. अशा फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक वहीत लिहून ठेवावा, बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. ही तक्रार विनाशुल्क, घरबसल्या ऑनलाइन करता येते.

कार्ड बंद करायचे ठरले, तर आधी संपूर्ण थकबाकी फेडून मगच लेखी अर्ज द्यावा. त्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेनेच ग्राहकाला द्यायचे असतात.