तीन ओळींच्या चारशे ओळी

पहिल्या नोकरीतला तिसरा आठवडा. एका जुन्या पीएचपी फाइलमध्ये तीन ओळींची दुरुस्ती केली, गिटवर, म्हणजे टीमच्या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीवर, ढकलली आणि चहाला गेले. परत आले तर टीम लीड माझ्या खुर्चीपाशी उभी.

"अगं, तीन ओळी बदलल्या म्हणालीस ना? मग इथे चारशे कशा दिसतायत?"

मी खरंच तीनच बदलल्या होत्या. बाकीच्या विमने, म्हणजे मी कोड लिहायला वापरते त्या एडिटरने, बदलल्या. दोन दिवसांपूर्वी रात्री जागून मी कुठूनतरी एक ओळ उचलून विमआरसीत, म्हणजे विम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, टाकली होती: फाइल सेव्ह होण्याआधी प्रत्येक ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेस पुसून टाक. नोकरीतली ती फाइल बऱ्याच वर्षांत बऱ्याच हातांखालून गेलेली, शेपटाला स्पेस चिकटलेल्या ओळी शेकड्याने. माझ्या एडिटरने त्या निमूट झाडून काढल्या. ज्याला माझा बदल तपासायचा होता त्याला चारशे ओळींच्या ढिगात तीन शोधाव्या लागल्या, आणि कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये त्या सगळ्या ओळींवर माझं नाव लागलं. मी लिहिलेल्या नसताना.

विमआरसीतल्या त्या स्पेस पुसणाऱ्या ओळीला ऑटोकमांड म्हणतात. नव्याने विमकडे वळणाऱ्यांनी ती शिकावीच असं माझं मत आहे, पण मी शिकले त्या क्रमाने नको. म्हणून हे लिहितेय. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात, टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

कॉलेजच्या लॅबमध्ये विम पहिल्यांदा उघडतो तेव्हा पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. आमच्या बॅचमध्ये निम्म्यांना वाटलं की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, आणि उरलेल्यांना बाहेर कसं पडायचं ते कळेना. ती ओळ विमचा कर्ता ब्राम मूलेनार याने घातलेली. विम त्याने 1991 मध्ये लोकांसमोर आणला आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये जाईपर्यंत सांभाळला. वापरणाऱ्यांकडून पैसे मागण्याऐवजी युगांडातल्या मुलांसाठी द्या म्हणाला. असो.

विममध्ये तुम्ही काहीही केलंत की आत एक घटना घडते, तिला इव्हेंट म्हणतात. फाइल उघडली, बफरीडपोस्ट. नसलेली फाइल नव्याने उघडली, बफन्यूफाइल. सेव्ह करायच्या ऐन आधी बफराइटप्री, सेव्ह झाल्यावर बफराइटपोस्ट. इन्सर्ट मोडमधून, म्हणजे अक्षरं टाइप होतात त्या स्थितीतून, बाहेर पडलात, इन्सर्टलीव्ह. काहीच न करता नुसते बघत बसलात तरी चार सेकंदांनी कर्सरहोल्ड. असे शंभराच्या आसपास इव्हेंट आहेत, रोजच्या कामात सहा-सात पुरतात. ऑटोकमांड म्हणजे विमला देऊन ठेवलेला निरोप: अमुक इव्हेंट, तमुक प्रकारच्या फाइलवर घडला, की ही आज्ञा चालव. एका ओळीत हे तीनच भाग असतात.

सुरुवात विमआरसीपासून करू नका. विम उघडा, कोलन दाबा आणि तिथेच लिहा:

ऑटोसीएमडी बफराइटपोस्ट *.एसएच !बॅश -एन %

आता कुठलीही शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) सेव्ह केलीत की बॅश हा प्रोग्राम ती न चालवता फक्त वाचून बघेल, आणि इफ किंवा लूप संपवणारा एखादा 'फाय' किंवा 'डन' लिहायचा राहिला असेल तर तिथल्या तिथे ओरडेल. शेवटचं टक्क्याचं चिन्ह म्हणजे सध्याची फाइल. विम बंद केलात की निरोप पुसला गेला, कुणाचं काही बिघडलं नाही. दोन-तीन दिवस हाताने असं करून पाहावं. त्यानंतरही तीच ओळ पुन्हा टाइप करावीशी वाटली, तर तिची जागा विमआरसीत.

मी हे केलं नव्हतं. थेट विमआरसीत ओळी ओतत गेले, आणि त्यातून दुसरा घोटाळा झाला. सकाळी फाइल चटकन सेव्ह व्हायची, संध्याकाळपर्यंत दोन-दोन सेकंद अडायची. मी लॅपटॉपला शिव्या दिल्या, रॅम वाढवून मागायचाही विचार केला. शेवटी एका सिनियरने कोलन ऑटोसीएमडी बफराइटपोस्ट एवढंच टाइप करून एंटर दाबलं, तर यादीत माझी एकच ओळ चौदा वेळा. दिवसभरात विमआरसीत काही बदललं की मी ती सोर्स करत होते, म्हणजे विमला पुन्हा वाचायला लावत होते. प्रत्येक वेळी विमने तोच निरोप नव्याने नोंदवून घेतला, आधीचा तसाच ठेवून. एका सेव्हला तपासणी चौदा वेळा चालत होती.

यावरचा उपाय म्हणजे गट. ऑग्रुप आणि गटाचं नाव, पुढच्या ओळीत ऑटोसीएमडी आणि उद्गारचिन्ह, त्याखाली तुमचे निरोप, शेवटी ऑग्रुप एंड. उद्गारचिन्हाची ओळ त्या गटातले जुने निरोप पुसते, मग नवे नोंदले जातात. कितीही वेळा सोर्स करा, एकाचा एकच राहतो. ही ओळ गटाच्या बाहेर मात्र चुकूनही लिहू नका. गटाबाहेर ती फक्त तुमचेच नव्हे, इतरांचेही निरोप पुसू शकते. विमपासून निघालेल्या निओविममध्ये ल्युआ या भाषेत लिहिणाऱ्यांना गट तयार करतानाच ही साफसफाई मिळते, म्हणून तिथे ही चूक कमी होते. पण गट न देता निरोप नोंदवला तर तिथेही तोच प्रकार.

"इतरांचे" म्हणजे कुणाचे, असं वाटलं असेल तर नुसतं कोलन ऑटोसीएमडी करून बघा. पडदेच्या पडदे सरकत जातात. मी तेव्हा थक्क झाले होते. फाइल उघडली की ती पायथन आहे की सी हे विमला कळतं, त्याप्रमाणे रंग चढतात, जीझिप केलेली फाइल न उलगडता थेट वाचता येते, हे सगळं आत ऑटोकमांडनेच चालतं. आपण ज्याला विमचा स्वभाव समजतो त्यातला बराचसा भाग कुणीतरी आधी लिहून ठेवलेले निरोप आहेत.

फाइलटाइप हा इव्हेंट याच कामाचा. यॅमलला (कॉन्फिग फाइलींची भाषा) ओळीच्या सुरुवातीला दोन स्पेस, पायथनला चार, असं प्रत्येक भाषेचं वेगळं ठेवायला तो लागतो. इथे एकच गोष्ट सांभाळायची: सेट नाही, सेटलोकल. मी यॅमलसाठी सेट लिहिलं होतं. कॉन्फिग फाइल उघडून झाली, त्याच विममध्ये नवी शेल स्क्रिप्ट उघडली, तर तिलाही दोनच स्पेस. सेट ही आज्ञा त्यानंतर उघडणाऱ्या फाइलींनाही लागू होते. यावर माझी अख्खी दुपार गेली, कारण चूक यॅमलच्या ओळीत होती आणि मी शोधत होते शेलच्या ओळीत.

अशा वेळी कोलन व्हर्बोज ऑटोसीएमडी आणि पुढे इव्हेंटचं नाव द्यायचं. कुठला निरोप कुठल्या फाइलमधून आला, हे विम स्वतःच सांगतो. हे आधी माहीत असतं तर ती दुपार वाचली असती.

आता त्या स्पेस पुसणाऱ्या ओळीकडे परत येते, कारण बहुतेक सगळे नवे लोक तीच ओळ सगळ्यात आधी उचलतात. तिच्यात फाइलच्या प्रकाराच्या जागी नुसता तारा होता, म्हणजे कुठलीही फाइल. माझ्या पीएचपी फाइलचं नुकसान तसं वरवरचं होतं, स्पेस गेल्या तरी प्रोग्राम तसाच चालत होता. पण मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटच्या दोन स्पेसना अर्थ असतो, तिथे ओळ तोडायची असते. त्या गेल्या की सुटसुटीत पत्ता एका सलग वाक्यात गोळा होतो. पॅच फाइलमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदलेल्या फाइलमध्ये, तर आणखी वाईट. तिथे न बदललेली रिकामी ओळ एका स्पेसने दाखवतात. ती स्पेस पुसली की पॅच बिघडलेला ठरू शकतो आणि पॅच लावणाऱ्याला कारण दिसतही नाही, कारण जे बिघडलंय ते मुळातच न दिसणारं आहे.

शिवाय त्या ओळीत शोधा-बदला आज्ञेच्या शेवटी ई हे अक्षर नव्हतं. ते नसलं की जिथे पुसण्यासारखं काही नाही अशा स्वच्छ फाइलवर विम प्रत्येक सेव्हला ई486 चा एरर दाखवतो. मी काही दिवस तो एरर पाहून स्वच्छ फाइलीच पुन्हा पुन्हा तपासत होते. आणि पुसून झाल्यावर कर्सर शेवटच्या बदललेल्या ओळीवर जाऊन बसायचा. विनसेव्हव्ह्यू आणि विनरिस्टोरव्ह्यू या दोन फंक्शन्सनी आधीची जागा लक्षात ठेवून परत आणता येते.

आज ती ओळ माझ्याकडे आहे, पण ताऱ्याच्या जागी माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टच्या फोल्डरचा पत्ता आणि त्यापुढे *.पीवाय. ऑफिसचा जुना कोड तिच्या कक्षेत येतच नाही. तिथे स्पेस साफ करायच्या असतील तर वेगळा कमिट करते आणि संदेशात तसं लिहिते. तरीही कधी निरोप आडवे आलेच, तर कोलन नोऑटोसीएमडी डब्ल्यू. तेवढ्या एका सेव्हपुरता विम सगळे निरोप गुंडाळून ठेवतो. नव्या टीममध्ये गेल्यावर पहिला आठवडा मी हेच वापरते.

मुलाखतीत ऑटोकमांडबद्दल मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. त्यासाठी शिकत असाल तर राहू द्या. मला यातला खरा फायदा मिळाला तो ऑफिसबाहेर, मराठी लिहिताना.

विममध्ये मराठी लिहिणाऱ्याचे हाल न सांगण्यासारखे असतात. इनस्क्रिप्टमध्ये परिच्छेद लिहायचा, एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळा आज्ञा बनतात त्या स्थितीत, यायचं, खाली जायला इंग्रजी 'जे' दाबायचं, तर विमच्या हाती येतो 'र'. वर जायला के दाबावं तर 'क'. नॉर्मल मोडला या अक्षरांचा काही अर्थच नाही, तो नुसता टुणटुण करतो. मग कीबोर्ड इंग्रजी करा, हलवा, पुन्हा मराठी करा. पानाला पन्नास वेळा. मी कंटाळून साध्या नोटपॅडमध्ये लिहायला लागले होते.

लिनक्सवर कीबोर्डची भाषा बदलायला मी एफसीआयटीएक्स 5 वापरते. त्याची रिमोट आज्ञा सी पर्याय देऊन चालवली की मराठी बंद, ओ देऊन चालवली की सुरू. म्हणून दोन निरोप: इन्सर्टलीव्हला सी, इन्सर्टएंटरला ओ. फाइलचा पॅटर्न, अर्थातच, माझ्या लेखांचं फोल्डर. कोड लिहिताना आय दाबताच मराठी सुरू झालेली कुणाला चालेल!

पहिल्या दिवशी इतकं छान वाटलं की दोन पानं उगाच लिहिली. दुसऱ्या दिवशी लेखात 'पाऊस' शोधायचा होता. स्लॅश दाबला आणि कीबोर्ड इंग्रजी. नॉर्मल मोडमधून आल्यामुळे तसंच होणार होतं, माझ्या निरोपाप्रमाणेच. हेल्प चाळताना सीएमडीलाइनएंटर सापडला. त्याचा पॅटर्न फाइलच्या नावाशी जुळत नाही. कमांडची ओळ कुठल्या चिन्हाने उघडली, कोलनने, स्लॅशने की प्रश्नचिन्हाने, त्याच्याशी जुळतो. म्हणजे स्लॅशला आणि प्रश्नचिन्हाला मराठी, कोलनला इंग्रजी, आणि सीएमडीलाइनलीव्हला पुन्हा इंग्रजी. फोल्डरची अट मात्र पॅटर्नमध्ये बसेना, ती आज्ञेच्या आत इफ लिहून घालावी लागली.

एक खोट अजून आहे. मराठी लिहिता लिहिता मध्येच ब्राउझरमध्ये जाऊन परत आले की कधी कधी कीबोर्डची स्थिती उलटी असते. खिडकीत परत आल्यावर घडणारा फोकसगेन्ड हा इव्हेंट लावून पाहिलाय, पण माझ्या टर्मिनलवर तो दर वेळी येत नाही.