पऱ्यावर बंधारा घालायचाय? हायस्कूलच्या मुलांसाठी तयारीची यादी

सुरुवात गणपतीतच करा. वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूच्या पोत्यांचा तात्पुरता बांध, दिवाळीनंतर घालायचा असला तरी पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांची जमीन आपल्याकडे बहुधा सामाईक असते. सातबाऱ्यावर आठ-दहा नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. ती सगळी एकत्र भेटतात गणपतीतच. तेव्हा संध्याकाळच्या आरतीनंतर घरोघरी जाऊन बंधारा नेमका कुठे येणार, पाणी कुठवर चढणार हे मुलांनी सांगायचं आणि संमतीपत्रावर सह्या घ्यायच्या. शिक्षकांनी मागे उभं राहावं, बोलू नये. ग्रामपंचायतीचं पत्रही त्याच आठवड्यात देऊन टाका. खालच्या अंगाला कुणी वायंगण (उन्हाळी भात) किंवा भुईमूग करत असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे जा. 'माझ्या पाण्याचं काय?' हे तो विचारणारच, आणि तो विचारतो ते रास्तच आहे. सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, किती उंचीवर ठेवायचा हे त्याच्यासोबत, जागेवर उभं राहून ठरवा.

मुख्याध्यापकांकडून वेळ मिळवायचा तर हे काम नववीच्या जलसुरक्षा विषयाचा प्रकल्प म्हणून मांडा. पर्यावरण शाळेत सक्तीने शिकवावं असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे आणि शाळांसाठी राष्ट्रीय हरित सेना २००१ मध्येच सुरू झाली, त्यामुळे कागदावर अडचण येत नाही. गट आठवी-नववीचा करा. दहावीच्या मुलांना दिवाळीनंतर यात ओढू नका.

जागा मुलांना शोधू द्या, आणि त्यासाठी त्यांना वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे पाठवा. राजापूर तालुक्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये हंडे रांगेत लागतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि उताराने उरलेलं सरळ समुद्राला जातं. पऱ्यात शेवटचं पाणी कुठल्या कोंडीत (डोहात) राहतं हे त्या बायकांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. अरुंद पात्र, उंच काठ, तळाला कातळ आणि जवळपास वापरातली विहीर, अशी जागा निवडा.

विहीर मोजायला बंधाऱ्याच्या निदान महिनाभर आधी लागा. काठावर ऑइल पेंटने एक खूण करायची, दर सोमवारी सकाळी पंप चालू व्हायच्या आधी त्याच खुणेवरून टेप सोडायची आणि पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिहायचं. बंधाऱ्यापासून लांबची एक विहीरही तशीच मोजा. ती नसेल तर पाणी टिकलं ते बंधाऱ्यामुळे की परतीचा पाऊस लांबल्यामुळे हे मुलांना कधीच कळणार नाही. खरं सांगायचं तर या प्रकल्पातलं शिक्षण बरंचसं या वहीत आहे. पहिल्या वर्षी आमच्या एका मुलीने आकडे वाढलेले, म्हणजे पाणी खाली गेलेलं, पाहून वही लपवली होती. तिला समजवायला वेळ लागला की वाढलेला आकडाही तितकाच महत्त्वाचा असतो.

आता पोती. चार मीटर रुंद पऱ्यावर तीन फूट उंच, दोन ओळींचा बंधारा घालायला आम्हाला पावणेदोनशे लागली. रिकामी सिमेंटची पोती जिथे घराचं काम चालू आहे तिथे मिळतात. ती शाळेच्या मैदानावर झटकून घ्या, पऱ्यात धुऊ नका. सिमेंटची भुकटी पाण्यात गेली की मासळीला अपाय होतो. भरताना पोतं अर्धंच भरा. ओल्या वाळूने गच्च भरलेलं पोतं साठ किलोच्या घरात जातं, मुलांना झेपत नाही आणि ते नीट बसतही नाही. अर्धं भरलेलं खालच्या पोत्यावर पसरून बसतं आणि फटी बुजतात. माती-वाळू काठ खणून काढू नका, पात्रात साचलेलीच वापरा. तोंड शिवायला दाभण आणि सुतळी हवी, निदान सहा दाभणं. शिवाय घमेली, फावडी, टिकाव, एक पहार. विटांसारखे सांधे मोडत पोती रचायची आणि दोन ओळींच्या मध्ये चिकणमाती पायाने तुडवायची. मुलांना हेच काम सगळ्यात आवडतं.

सुरक्षेकडे नीट लक्ष द्या. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो, लाल विंचूही असतो. दगड हाताने उचलायचा नाही, आधी काठीने उलटायचा, आणि पायात बूट हवेतच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण औषध वेळेत पोटात जायला हवं. म्हणून आदल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्राझोसिन आणि सर्पदंशाची लस आहे का हे विचारून या आणि एक गाडी दिवसभर उभी ठेवा. पायाला जखम असलेल्या मुलाने पाण्यात उतरू नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. त्याला वहीवर बसवा.

प्रत्यक्ष दिवस कापणी-झोडणी आटोपल्यावरचा शनिवार धरा. हवामानाचा अंदाज पाहून घ्या, कारण २०१९ च्या क्यार वादळासारखा पाऊस ऑक्टोबरअखेरही येतो. जेवण वाडीतून येतं, ताट-वाटी प्रत्येकाने घरून आणायची.

एवढ्यावर यादी संपली असं आम्हालाही वाटलं होतं. जूनमध्ये पहिल्या पुराने बंधारा फुटला. ऑक्टोबरात खाडीवर गेलो तेव्हा चिप्पीच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) वर आलेल्या मुळांना पांढऱ्या चिंध्या गुंडाळलेल्या दिसल्या. एक ओढली तर ती बोटांत कुसकरली आणि तिचे बारीक तंतू चिखलात मिसळून गेले. तिच्यावर सिमेंट कंपनीचं अर्धं नाव अजून वाचता येत होतं. पोतं प्लॅस्टिकचं असतं, सहा महिन्यांच्या उन्हाने ते ठिसूळ होतं. आमचा पऱ्या अर्जुनेला मिळतो आणि अर्जुना जैतापूरच्या खाडीला, म्हणजे ती पोती आम्हीच तिथे पाठवली होती. त्या दिवशी मुलं परतताना एसटीत गप्प होती. मीही.

म्हणून पोती काढायची तारीख बंधारा घालायच्या आधी ठरवा आणि संमतीपत्रातच लिहा. ती मृगाच्या आधीची हवी, मेचा शेवटचा आठवडा. शाळा तेव्हा बंद असते, म्हणून काढणारा गट वाडीतल्याच मुलांचा नेमा. सुट्टीला आलेली मुंबईची भावंडंही आनंदाने येतात. वरच्या थरापासून सुरुवात करायची, सुतळी कापून वाळू पात्रातच मोकळी करायची आणि रिकामी पोती काठावर मोजायची. धड असतील ती वाळवून शाळेच्या माळ्यावर, उन्हापासून लांब ठेवा. फाटकी भंगारवाल्याकडे द्या, जाळू नका. वहीत दोन रकाने आखा, घातलेली पोती आणि काढलेली पोती. गेल्या मेमध्ये आमचे आकडे १७५ आणि १६८ होते. उरलेल्या सातांसाठी दोन मुलं दुसऱ्या दिवशी पऱ्याच्या कडेकडेने साकवापर्यंत उतरून गेली आणि पाच घेऊन आली.