स्पेक्टरविरुद्धचा मास्क ऑप्टिमायझरपासून कसा वाचवावा

जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटीच्या पहिल्या प्रकारात प्रोसेसर अ‍ॅरेच्या मर्यादेची तपासणी पूर्ण होण्याआधीच, ती यशस्वी होईल असे धरून, पुढच्या वाचनाच्या सूचना चालवू लागतो. अंदाज चुकल्याचे कळताच तो निकाल रद्द करतो, पण त्या वाचनाने कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीत) आलेली ओळ तिथेच राहते आणि वाचनाला लागणारा वेळ मोजून हल्लेखोर गुप्त बाइट ओळखू शकतो.

सी भाषेतील कोडमध्ये प्रथम अशा जागा शोधाव्यात, जिथे बाहेरून आलेला इंडेक्स इफने तपासला जातो आणि त्याने वाचलेल्या मूल्यावरून पुढच्या वाचनाचा पत्ता ठरतो. इंडेक्स मर्यादेत असल्यास सर्व बिट एक, नसल्यास सर्व शून्य, असा मास्क तिथे ब्रँचशिवाय (म्हणजे अटीनुसार उडी मारणाऱ्या सूचनेशिवाय) काढून इंडेक्सशी अँड करावा. मग अंदाज चुकला तरी शून्य क्रमांकाचाच घटक वाचला जातो. टर्नरी ऑपरेटरवर (?:) विसंबू नये, कारण त्यातून ब्रँच निघणार नाही याची खात्री नसते.

खरी अडचण यापुढे आहे. इफच्या आत इंडेक्स मर्यादेतच असणार, हे कंपायलर सिद्ध करू शकतो; तसे झाले की मास्क त्याला निरर्थक वाटतो आणि ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी त्याची फेररचना) चालू असताना तो हा सगळा हिशेब काढून टाकू शकतो. यात त्याची चूक नाही, कारण सी भाषेचे प्रमाण प्रोग्रामच्या दृश्य वर्तनापुरतेच बोलते आणि कॅशमधल्या खुणा त्याच्या कक्षेत येतच नाहीत.

म्हणून मास्कचा हिशेब कंपायलरपासून लपवावा लागतो. लिनक्स कर्नल एक्स८६ प्रोसेसरवर तो इनलाइन असेंब्लीत, म्हणजे सी कोडमध्येच लिहिलेल्या प्रोसेसरच्या सूचनांत, तुलना आणि उसन्यासह वजाबाकी या सूचनांनी करतो. कर्नलबाहेरच्या कोडसाठी जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती ९ पासून याच हेतूचे बिल्ट-इन फंक्शन आहे, तेच वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. मात्र एक्स८६ वर ते मास्कऐवजी एलफेन्स ही, आधीच्या सूचना पूर्ण होईपर्यंत प्रोसेसरला थांबवणारी, सूचना घालते आणि सतत फिरणाऱ्या लूपमध्ये ती वेगाला फार महागात पडते.

शेवटी, ग्राहकाकडे जाणारीच बायनरी ऑब्जडंप या साधनाने असेंब्लीत उलगडून तुलना आणि वाचन यांच्या मध्ये मास्कचा अँड किंवा एलफेन्स शिल्लक आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन सहसा बंद असल्याने तिथे मास्क दिसला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लिंक करताना ऑप्टिमायझेशन होत असेल, तर सुट्या ऑब्जेक्ट फाइल तपासूनही भागत नाही. कंपायलरची आवृत्ती बदलली की ही तपासणी पुन्हा करावी.