दशावताराच्या व्हिडिओमधल्या आवाजाचा फाईल-आकार लहान करा, पण ताल सुटू देऊ नका

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांतले दशावतार मी रात्रभर चित्रित करतो आणि मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवतो. फाईल लहान व्हावी म्हणून बरेच जण व्हिडिओतून आवाज वेगळा काढतात, त्याचं एमपीथ्री करतात आणि परत जोडतात. मग मृदुंगावर हात पडलेला आधी दिसतो आणि थाप मागून येते. लढाईत पात्राचं पाऊल थापेवरच पडतं, तिथे हा फरक मला अजिबात चालत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, आवाज बाहेर काढूच नका. फाईलमध्ये चित्र आणि आवाज दोन्हीवर वेळेची नोंद असते. आवाज किंचित उशिरा सुरू झालेला असेल किंवा मध्ये खंड पडला असेल, तर ते त्या नोंदीमुळेच कळतं. आवाज सुटा केला की ही नोंद गेली.

एवढी खटपट कुठे करावी, तेही बघा. मोबाईलमधला आवाज बहुतेक वेळा आधीच एएसीमध्ये (एमपीथ्रीसारखाच, आवाज कमी जागेत बसवायचा प्रकार) दाबलेला असतो, तिथे फारसं काही वाचत नाही. पण काही कॅमेरे आवाज न दाबता साठवतात. 48,000 हर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने), 16 बिट, स्टीरिओ म्हणजे सेकंदाला 1,536 किलोबिट, तासाला सुमारे 690 एमबी. तोच 96 किलोबिटने ठेवला तर तासाला 43 एमबी. रात्रभराच्या नाटकात हा फरक भरपूर होतो.

मी एव्हिडेमक्स हे व्हिडिओ-संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट मिळतं. फाईल उघडा. व्हिडिओ आउटपुट 'कॉपी'वरच राहू द्या, म्हणजे चित्राला धक्का लागत नाही आणि काम पटकन उरकतं. ऑडिओ आउटपुटमध्ये एएसी निवडा. खाली आउटपुट फॉरमॅट एमपीफोर ठेवा, एव्हीआय नको. एकाच माइकवर घेतलेलं असेल तर फिल्टर्समध्ये मिक्सर मोनो करून 96 किलोबिट पुरे. स्टीरिओ हवं असेल तर 128. त्याखाली फार उतरू नका. पायपेटी निभावून जाते, पण झांज आधी खरखरते. 48,000 चे 44,100 करण्याचीही गरज नाही.

कॅमेऱ्याने 4 जीबीला फाईल तोडली असेल तर आधी सगळे तुकडे 'अपेंड'ने क्रमाने जोडा, मगच आवाज दाबा. एएसी 1,024 नमुन्यांच्या चौकटींत काम करतं. तुकडे वेगवेगळे दाबून जोडले तर प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी शांतता भरली जाते आणि पहाटेपर्यंत ताल घसरतो.

तपासणी सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे करायची. सुरुवातीला झांजेचा स्पष्ट ठोका शोधा, शेवटी दहीकाल्याची हंडी फुटते तो क्षण. आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला जाणवतं. मागे राहिला तर 125 पर्यंत चालून जातं.

दोन्ही टोकांना सारखाच फरक असेल तर आधी मूळ फाईल बघा. कॅमेरा रंगमंचापासून 20 मीटरवर असेल आणि माइक कॅमेऱ्याचाच असेल, तर आवाज पोचायलाच जवळजवळ 60 मिलिसेकंद लागतात. तो उशीर मुळातलाच, दाबल्यामुळे आलेला नाही. ऑडिओ फिल्टर्समधल्या 'शिफ्ट'मध्ये मिलिसेकंद टाकून तो काढता येतो. उलट दिशेला सरकला तर चिन्ह बदला.

सुरुवातीला जुळतं आणि शेवटी सुटतं, असं असेल तर शिफ्टने भागणार नाही. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज लावला की हे हमखास होतं, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत 50 एवढा फरक असला तरी तासाला 180 मिलिसेकंद होतात. अशा वेळी सुरुवातीचा आणि शेवटचा ठोका मोजून ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज टेम्पो'ने लांबी जुळवायची आणि मगच तो आवाज व्हिडिओला लावून दाबायचा.